पंधरा फुटांवरचा वास

वाल्मीक रामटेके भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याने पुढे शौर्य गाजवावं अशी आशा धरून कुणी वाचायला बसू नये. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातून विसाव्या वर्षी तो दिल्लीला आला. पहाडगंजच्या एका हॉटेलात कांदे चिरता चिरता तव्यापर्यंत आणि तव्यावरून कढईपर्यंत पोचला, आणि शेवटी कोपर्निकस मार्गाजवळच्या एका सरकारी कचेरीच्या कँटीनमध्ये कायमचा चिकटला. एवढं केलेला माणूस भित्रा कसा, असं कुणीही विचारेल. पण गरिबाघरची मुलं पुष्कळदा भीतीच्या जोरावरच पुढे जातात.

पहाडगंजच्या मालकाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ऐकून कपाळाला हात लावला होता. दिल्लीत सफाईकाम करणाऱ्या समाजाचं जे नाव, तेच या पोराचं. "बाहर किसी को नाम मत बताना, ग्राहक भाग जाएँगे," तो म्हणाला. "नाम है सेठजी, जात नहीं," वाल्मीक घाईघाईने म्हणाला, आणि मग दिवसभर त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली. आपल्या घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि आपण 'मी त्यातला नाही' म्हणून सुटका करून घेतो. पुढे कँटीनमध्ये तो प्रश्नच आला नाही. उत्तरेत स्वयंपाक्याला 'महाराज' म्हणतात. चुलीपाशी उभा आहे म्हणजे ब्राह्मणच असणार, असा त्यामागचा हिशेब. वाल्मीकने त्याला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "महाराज, आज कढ़ी कमाल थी," असं कुणी म्हणालं की तो हात जोडायचा. अशी एकोणीस वर्षं गेली.

यंदाच्या एक एप्रिलला नवा हुकूम निघाला. कँटीनच्या प्रत्येकाने डोक्यावर टोपी घालायची, हातात मोजे घालायचे आणि छातीवर नावाची पट्टी लावायची. पट्ट्या छापून आल्या. वाल्मीकच्या पट्टीवर आडनाव नव्हतं, नुसतं 'वाल्मीक, हेड कुक' एवढंच होतं. अक्षरं मोठी होती, लांबूनही वाचता येत होती.

पंधरा एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सूचनापेटीत एक चिठ्ठी निघाली. एरवी त्या पेटीत 'चाय में चीनी कम' यापलीकडे काही निघत नसे. मॅनेजर अशोकजींनी वाल्मीकला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि चिठ्ठी पुढे सरकवली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'हेड कुक के शरीर से बहुत बदबू आती है. खाना खाने का मन नहीं करता.' खाली नाव नव्हतं.

"बुरा मत मानना, महाराज," अशोकजी टेबलावरच्या पेनाकडे बघत म्हणाले. "गर्मी है, पसीना सबको आता है. पर अब लिखित में आ गया ना. ग्यारह मई को कमेटी है, उसमें रखना पड़ेगा. तब तक इलाज करा लो, डॉक्टर का कागज ले आओ. नहीं तो ये लोग तुम्हें चूल्हे से उठाकर बर्तनों पर बिठा देंगे."

दुसरा कुणी असता तर तिथून उठून मुतारीत गेला असता, हात वर करून आपली काख हुंगली असती आणि एका मिनिटात निकाल लावला असता. चिठ्ठीवरची तारीख आणि पट्टीची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघायलाही त्याला वेळ लागला नसता. वाल्मीकला यातलं काहीच सुचलं नाही, कारण त्याचं नाक पाच वर्षांपूर्वीच मेलं होतं, आणि ही गोष्ट त्याने जगात कुणालाही सांगितली नव्हती.

एकवीस सालच्या मे महिन्यात, दिल्लीत माणसं ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लावत होती तेव्हा, त्याला कोरोना झाला होता. तो वाचला. वीस दिवसांनी उठून चहा करायला गेला आणि आलं ठेचताना त्याच्या लक्षात आलं की बोटांना आल्याचा वासच नाही. येईल हळूहळू, असं सगळेच म्हणत होते, इतरांचा आलाही. याचा आला नाही. नाक गेलेल्या स्वयंपाक्याला कोण ठेवणार? म्हणून त्याने तोंड शिवून घेतलं. तो कानाने आणि डोळ्यांनी रांधायला लागला. मोहरी किती तडतडली, कांदा कोणत्या रंगावर आला, मसाल्याने तेल कधी सोडलं, हे सगळं तो मोजून करायचा. दूध नासलंय की नाही हे कळायला आधी वाटीभर तापवून बघायचा. आणि अगदीच अडलं तर चहावाल्या द्वारकाप्रसादला हाक मारायचा. "द्वारकाजी, जरा सूंघना, मुझे जुकाम है." द्वारकाप्रसाद हा साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने पाच वर्षं ती सर्दी कुरकुर न करता चालवून घेतली.

तर अशा माणसाला आता कुणी सांगत होतं की तुझ्या अंगाला घाण येते. ते खरं की खोटं हे ठरवायचं साधनच त्याच्याकडे नव्हतं. पायाखाली साप आहे असं कुणी म्हणावं आणि आपण आंधळे असावं, तशी त्याची गत झाली.

तो दिवसातून तीनदा अंघोळ करायला लागला. तुरटी लावली, लिंबू चोळलं, त्यावर पावडर आणि त्यावर डिओ. काखा सोलून निघाल्या, लाल झाल्या. मयूर विहारहून मेट्रोने जाताना वरची कडी धरायला हात वर करावा लागतो, म्हणून तो हात छातीशी बांधून उभा राहायचा आणि प्रत्येक वळणावर धडपडायचा. एकदा शेजारची बाई उठून पुढच्या डब्याकडे गेली. ती कदाचित तिच्या मैत्रिणीकडे गेली असेल. पण वाल्मीक पुढच्याच स्टेशनवर उतरला आणि मागची गाडी येईपर्यंत फलाटाच्या टोकाला एकटा उभा राहिला.

घरी त्याने बायकोला विचारून पाहिलं. "चंदा, माझ्या अंगाला वास येतो का गं?"

"येतो की. फोडणीचा," चंदा कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

"तसा नाही. घाण."

"आता या वयात नाकाने कांदे सोलायला लागलात का? कष्टाच्या माणसाला घाम यायचाच."

यातून काय अर्थ काढायचा? येतो की नाही येत? जास्त खोदून विचारावं तर ती म्हणणार, स्वतः हुंगून बघा ना, आणि मग दुसरंच बिंग फुटणार. शिवाय बायकोच्या नाकाला नवऱ्याच्या वासाची सवय झालेली असते, तिची साक्ष कोण धरतो? चिठ्ठीबद्दल तो तिला काही बोलला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी त्याने मयूर विहारच्या बाजारातला दवाखाना गाठला. त्वचेच्या डॉक्टर रेवती काणे मराठी होत्या, म्हणजे निदान लाजिरवाणी गोष्ट आपल्या भाषेत तरी सांगता येणार होती. तो दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा आत गेला आणि एका दमात म्हणाला, "मॅडम, माझ्या काखेला घाण वास येतो. बंद करून द्या."

डॉक्टरांनी आधी त्याच्या काखा पाहिल्या. "हे काय लावलंत?"

"लिंबू. आणि तुरटी."

"लोणचं घालायचं होतं का?" असं म्हणून त्यांनी मलम लिहून दिलं आणि मग शांतपणे सगळं समजावलं. काखेत घामाच्या वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांच्या घामावर जंतू जगतात आणि त्या जंतूंमुळे वास येतो. साधा असेल तर औषधी रोल-ऑनने भागतं. घाम फार असेल तर बोटॉक्सची इंजेक्शनं, प्रत्येक काखेत पंधरा-वीस बारीक टोचे, सहा-आठ महिने घाम बंद. गुडगावच्या मोठ्या इस्पितळात एक यंत्र आहे, ते वरून उष्णता देऊन ग्रंथीच जाळून टाकतं. आणि अगदी हट्टी वास असेल तर मुगाएवढं छिद्र पाडून आतून ग्रंथी खरवडून ओढून काढतात. पूर्वीसारखी मोठी चिरफाड आता करावी लागत नाही.

जाळणं, खरवडणं हे शब्द ऐकून वाल्मीकच्या अंगावर काटा आला. ते सगळं तो रोज करतो, पण ते वांग्याला. "हाताला काही होणार नाही ना, मॅडम? वीस किलोची कढई उतरवतो मी."

"यंत्राने क्वचित कुणाच्या हाताला मुंग्या येतात, काही आठवडे शक्ती कमी वाटते. म्हणूनच गरज नसताना मी काही करत नाही. आधी वास किती आहे ते बघू."

बघण्याची रीत साधी होती. त्याच्या दोन्ही काखांत कापसाच्या पट्ट्या ठेवल्या आणि त्याला पाऊण तास जिने चढायला-उतरायला लावलं. मे महिन्याचं ऊन, तीन मजले. तो घामाने निथळत परत आला तेव्हा टेबलावर झाकणाच्या चार डब्या मांडलेल्या होत्या. दोन डब्यांत त्याच्या पट्ट्या, दोनांत नुसत्या पाण्यात भिजवलेल्या. कोणत्या डबीत काय हे फक्त नर्सला ठाऊक होतं.

"आधी मी हुंगते, मग तुम्ही. तुमची कोणती ते सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या.

वाल्मीकची पाचावर धारण बसली. हे त्याने धरलेलंच नव्हतं. तो डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नजर रोखून बसला. पहिल्या डबीला काही नाही, दुसरीला काही नाही. तिसरी नाकाशी नेताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. चौथीला पुन्हा काही नाही. त्याची पाळी आल्यावर त्याने चारही डब्या नाकाशी नेण्याचं सोंग केलं आणि तिसरीवर बोट ठेवलं.

"हीच. बाप रे! सडलेल्या कांद्यासारखा."

नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं. तिसऱ्या डबीत पाणी होतं. आठी पडली होती ती चष्मा घसरला म्हणून.

नसलेला वास येणारी माणसं डॉक्टरांकडे अधूनमधून यायची आणि त्यांना मनोविकारांच्या डॉक्टरकडे पाठवावं लागायचं. पण त्यांना कसलीतरी शंका आली. त्यांनी खणातून एक बाटली काढली. "डोळे मिटा. हे काय आहे?"

वाल्मीकने डोळे मिटले. नाकाखाली बाटली असल्याचं फक्त काचेच्या गारव्यावरून कळत होतं. "कॉफी?" तो म्हणाला.

"रामटेके, हे लवंगेचं तेल आहे. तुम्ही स्वयंपाकी आहात ना?"

त्याने डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांतूनच पाणी यायला लागलं. पाच वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या खुर्चीत बाहेर पडलं. आल्याचा दिवस, वाटीतलं दूध, खोटी सर्दी, चिठ्ठी, कमेटी. "कुणाला सांगू नका, मॅडम. नोकरीची आठ वर्षं राहिलीत माझी." डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं आणि तो शांत होईपर्यंत थांबल्या.

"आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐका," त्या म्हणाल्या. "दोन आणि चार तुमच्या होत्या. अगदी नाकाला लावल्यावर घामाचा वास आला. एवढ्या उन्हात जिने चढलेल्या कुठल्याही माणसाला येईल तेवढाच. हातभर लांब धरल्यावर काहीच नाही. तुम्हाला हा आजार नाही."

"पण चिठ्ठी आलीय, मॅडम."

"जेवणारी माणसं तुमच्यापासून किती लांब बसतात?"

वाल्मीकने मनातल्या मनात फरश्या मोजल्या. "पंधरा फूट असेल. मध्ये काच आहे. मी काउंटरवर जातच नाही."

"काचेपलीकडून पंधरा फुटांवर पोचणारा वास मी अजून पाहिलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तिथे काही नवीन झालं होतं का?"

वाल्मीकचा हात आपोआप छातीकडे गेला, जिथे ड्यूटीवर ती पट्टी असायची. आणि त्याला कळलं. एक तारखेला पट्टी, पंधराला चिठ्ठी. एकोणीस वर्षं महाराजांच्या अंगाला वास नव्हता. नाव वाचलं आणि वास सुटला. आजार निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. आजारावर सुई होती, यंत्र होतं. यावर मुगाएवढं छिद्र पाडून काय ओढून काढणार?

"मॅडम," तो म्हणाला, "तरी पण इंजेक्शन द्या."

"कशासाठी?"

"मी त्यांना सांगीन, वास होता, इलाज केला. मग ते म्हणतील, आता येत नाही. मिटेल सगळं."

डॉक्टरांना राग आला होता, पण तो या माणसावर नव्हता. घाम खूप होता हे खरं, त्यासाठी इंजेक्शन देता येत होतं. "हे बघा, इंजेक्शन दिलं तर मी 'उपचार केला' एवढंच लिहीन. पण वास नाही असं प्रमाणपत्र हवं असेल तर मला तपासणी पूर्ण लिहावी लागेल. पहिली ओळ, अंगाला वास नाही. दुसरी ओळ, यांना गंध येत नाही. तुम्ही गॅसपाशी उभे असता, ते मी लपवणार नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि तोवर चुलीपाशी एकटे जाऊ नका."

म्हणजे निर्दोष ठरवणारा कागदच त्याची चूल काढून घेणार होता. वाल्मीकला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. त्याने इंजेक्शनसाठी शुक्रवारी चारची वेळ घेतली. शेवटचं वाक्य त्याने धड ऐकलंही नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला त्याने कँटीनचं शटर वर केलं. एरवी द्वारकाप्रसाद आधी आलेला असायचा. त्या दिवशी त्याची बस चुकली होती. वाल्मीकने टोपी घातली, अ‍ॅप्रन बांधला, मोठ्या शेगडीपाशी गेला आणि लायटर उचलला. इतक्यात मागून अशी किंकाळी आली की त्याच्या हातून तो खालीच पडला.

"महाराज! हाथ रोको! गैस!"

द्वारकाप्रसाद दारात उभा होता, नाकावर उपरणं धरून. त्याने धावत जाऊन भिंतीवरचा मुख्य कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि वाल्मीकला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. आदल्या संध्याकाळी मागच्या बर्नरवर दूध उतू गेलं होतं, आच विझली होती आणि बटण बारीक उघडंच राहिलं होतं. ते बंद करणं वाल्मीकचंच काम होतं. रात्रभर बंद खोलीत गॅस साठत राहिला आणि तो त्यात दोन मिनिटं वावरला, लायटर हातात घेऊन, शीळ घालत.

बाहेरच्या पायरीवर दोघं बसले. वरच्या मजल्यावर झाडूवाल्या बायका आल्या होत्या, जिन्यात पहारेकरी होता. द्वारकाप्रसादने उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "जुकाम नहीं है ना?"

वाल्मीकने मान हलवली.

"मुझे लगता था," द्वारकाप्रसाद म्हणाला. "पर आज तो हम सब जाते, भाई."

त्या दिवशी वाल्मीकने चूल पेटवली नाही. द्वारकाप्रसादने पेटवली, त्याने फक्त हलवलं. संध्याकाळी घरी पोचल्यावर बूटही न काढता तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि चंदाला सगळं सांगितलं. नाक, चिठ्ठी, डब्या, पट्टी, गॅस. चंदाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"पाच वर्षं?" ती म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी माझ्या वडा-भाताचा काय सुंदर वास सुटलाय म्हणालात, तो?"

"अंदाजाने म्हणालो."

ती हसली नाही. तिने गॅस बंद केला, बटण दोनदा तपासलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय तुम्हाला नोकरीवरून काढणार होते?" "आणि उद्या तुम्ही सुई टोचून घेणार. नीलमचे बाबा, सुई टोचून घेणं म्हणजे वास होता असं सही करून देणं, कळतंय का तुम्हाला? जे तुमच्या अंगात नाहीच त्याचा इलाज."

"चूल जाईल, चंदा."

"जाईल. आज तुम्हीच जात होतात."

तो म्हणाला की मला भीती वाटते. ती म्हणाली की मलाही वाटते.

शुक्रवारी ती त्याच्याबरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत वाल्मीक टेबलावर उताणा पडला होता, दोन्ही हात डोक्याच्या वर. नर्सने काखेत आयोडीन फासलं आणि वर पांढरी पूड भुरभुरली. त्याने मान वळवून बघितलं. "हे कॉर्नफ्लोर ना?"

"स्टार्च. घाम येतो तिथे जांभळं होतं, मग कळतं टोचायचं कुठे."

बघता बघता दोन्ही काखा जांभळ्या झाल्या. नर्सने पेनाने ठिपके काढले, एका बाजूला सोळा, दुसऱ्या बाजूला सोळा. डॉक्टरांनी सुई भरली. छताकडे बघत, हात वर करून पडलेल्या वाल्मीकला वाटलं की पोलिसांनी पकडल्यावर माणूस असेच हात वर करतो. सुईची भीती होती, कमेटीची होती, पण लायटर हातात असतानाची भीती या दोन्हींपेक्षा मोठी होती.

त्याने हात खाली घेतले. "राहू द्या, मॅडम. कागद द्या. दोन्ही ओळींचा."

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. काखा पुसता पुसता त्याने विचारलं, "ज्याने चिठ्ठी लिहिली, त्याला खरंच वास येत असेल का हो? म्हणजे नाकात?"

"येतही असेल," डॉक्टर म्हणाल्या.

"मग त्याला काही औषध?"

"माझ्याकडे नाही." त्यांनी कागदावर सही केली.

सोमवारी तीन वाजता कमेटी बसली. अध्यक्ष म्हणून एक अवर सचिव, तीन सदस्य आणि अशोकजी. समोर चहा आणि बिस्किटं. वाल्मीक दाराशी उभा राहिला, त्याला कुणी बस म्हणालं नाही. त्याने पाठ भिंतीला टेकवली. चिठ्ठी लिहिणारा याच चौघांत असेल की नसेल, हे त्याला माहीत नव्हतं, आणि चेहऱ्यावरून ओळखण्याचा धंदा त्याला एकदा महागात पडला होता.

अशोकजींनी इंग्रजी कागद वाचायला घेतला. त्यांची नजर झर्रकन खाली गेली आणि तिथेच थांबली. "अरे! लिखा है, इन्हें गंध आती ही नहीं. पाँच साल से."

खोलीत एकदम गलबला झाला. पाँच साल! तो खाना कैसे बनाता था? और गैस? अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले की चुलीपाशी याला ठेवणं शक्य नाही, आजपासून स्टोअरला टाका, नवा माणूस येईपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी बघा. ते चूक बोलत नव्हते. "चलो, शिकायत भी निपट गई," असं म्हणून एका सदस्याने फाइल मिटली. वाल्मीकला मान हलवून बाहेर जायचं होतं. इतकी वर्षं तो तसाच जात आला होता.

"सर," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. त्याने घसा खाकरला. "सर, पहली लाइन भी पढ़ दीजिए."

"क्या?"

"कागज की पहली लाइन. आपने दूसरी पढ़ी है."

अशोकजींनी कागद पुन्हा हातात घेतला. त्यांनी ती ओळ मनात वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात त्यांनी हिंदी करून वाचलं, "जाँच में मरीज के शरीर से कोई असामान्य गंध नहीं पाई गई."

"जोर से, सर."

अशोकजींनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग वाल्मीककडे. त्यांनी चष्मा नीट केला आणि ती ओळ दुसऱ्यांदा वाचली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी. बिस्किटं खाणारे हात थांबले.

"लेकिन," तिसरा सदस्य अवघडून म्हणाला, "जिसने लिखा, उसको तो आई होगी ना बदबू?"

"जी, आई होगी," वाल्मीक म्हणाला. "मैंने डॉक्टर मैडम से पूछा था, सर. उसकी दवा उनके पास नहीं थी."

अध्यक्षांनी कागद फाइलला लावायला सांगितलं. वाल्मीकने हात जोडले नाहीत. दार हळूच ओढून घेतलं आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत तो खाली स्टोअरकडे गेला.